छातीतला धूर, जिवाचा घोर



श्वसनारोग्यावरची ही परिषद चंद्रपुरात भरते आहे याचा स्वागत समितीला मनापासून आनंद आहे. तुमच्यापैकी बरेच जण जटपुरा गेटातून आत आला असाल आणि गोंडराजांचा परकोट पाहिला असेल. या नगरीच्या जन्माची एक आख्यायिका इथे घरोघर सांगतात. खांडक्या बल्लाळशहा राजाचे अंग व्याधीने भरले होते. झरपट नदीच्या पात्रातल्या कुंडाच्या पाण्याने ते बरे झाले आणि पुढे याच परिसरात हे शहर वसले. त्या कथेत राजाच्या दुखण्याची काळजी वाहणारी राणीही आहे. आख्यायिकेला पुरावा म्हणता येत नाही, हे मला ठाऊक आहे. पण शरीराचे दुखणे, जिवाभावाच्या माणसाची सोबत आणि जागेचे पाणी या गोष्टी आपल्या पूर्वजांनी एकाच कथेत गुंफल्या, वेगळ्या काढल्या नाहीत. आज आपण त्या वेगळ्या काढल्या आहेत. छाती डॉक्टरांकडे, धुराडे प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे आणि रुग्णाच्या मनातली भीती कुणाकडेच नाही, अशी वाटणी झाली आहे. ही वाटणी चुकीची आहे आणि तिच्यापायी माणसे दगावतात, एवढे एकच म्हणणे मी आज तुमच्यापुढे मांडणार आहे.

सुरुवात हवेपासून करते, कारण चंद्रपुरात दुसरीकडून सुरुवात करणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. इथले महाऔष्णिक वीज केंद्र २९२० मेगावॅटचे आहे. भोवती दुर्गापूर, पद्मापूर, घुग्घुसच्या कोळसा खाणी, त्यांच्या मातीचे उंच ढिगारे, पलीकडे सिमेंटचे कारखाने, आणि या सगळ्यांना जोडणारी कोळशाच्या ट्रकांची रीघ. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातल्या औद्योगिक क्षेत्रांचा प्रदूषण निर्देशांक काढला तेव्हा चंद्रपूर ८३.८८ गुणांनी चौथ्या क्रमांकावर होते, आणि पुढच्याच वर्षी इथे नवीन प्रकल्पांना काही काळ बंदी घालावी लागली. हिवाळ्यात थंड हवेचा थर जमिनीलगत बसतो, वरची ऊबदार हवा झाकण घालते आणि धूर वर जायची वाटच राहत नाही. सकाळी त्याला आपण धुके म्हणतो आणि मुलांना स्वेटर घालून शाळेत पाठवतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये अतिसूक्ष्म धूलिकणांची, म्हणजे पीएम २.५ची, वार्षिक मर्यादा घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम अशी सुचवली. आपल्या देशाची २००९ पासूनची मर्यादा ४० आहे. म्हणजे आपण मानक पाळले तरी त्या सुरक्षित पातळीच्या आठपटीपर्यंत धूलिकण छातीत ओढत असू शकतो.

यावर एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो आपल्यातलेच जाणते लोक घेतात: छातीचे रोग विडी-सिगारेटने होतात, हवेच्या नावाने कशाला बोटे मोडायची? विडीचा प्रश्न या भागाला परका नाही. मे महिन्याच्या उन्हात तेंदूपत्ता गोळा करूनच इथल्या हजारो घरांत चार पैसे येतात, आणि तेच पान पुढे कुणाच्या तरी छातीत धूर भरते. विडीचा दोष मला तसूभरही कमी करायचा नाही. पण भारतातल्या दीर्घकालीन श्वसनविकारांचा राज्यवार अभ्यास २०१८ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’मध्ये प्रसिद्ध झाला, त्यातले आकडे पाहा. सीओपीडीमुळे, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद करणाऱ्या रोगामुळे, वाया गेलेल्या आयुष्यापैकी निम्म्याहून अधिक, ५३.७ टक्के, वाटा हवेच्या प्रदूषणाचा निघाला, तंबाखूचा २५.४ टक्के आणि कामाच्या ठिकाणच्या धूळ-धुराचा १६.५ टक्के. देशात सीओपीडीचे रुग्ण १९९० मध्ये सुमारे २ कोटी ८१ लाख होते, ते २०१६ पर्यंत ५ कोटी ५३ लाख झाले. हवेच्या त्या वाट्यात बाहेरची हवा आहे तशी घरातलीही आहे. पावसाळ्यातली ओली लाकडे, शेणाच्या गोवऱ्या, चुलीपुढे उकिडवी बसून फुंकणी फुंकणारी बाई आणि तिच्या मांडीवरचे तान्हे पोर. तिने आयुष्यात विडीला हात लावलेला नसतो आणि चाळिशी उलटल्यावर विहिरीवरून हंडा आणताना तिला दोनदा थांबावे लागते. घरचे म्हणतात, वय झाले. उज्ज्वला योजनेने २०१६ पासून या घरांपर्यंत गॅस पोचवला, हे मोठे काम झाले. पण पुढचे सिलिंडर भरायला पैसे नसले की तीच बाई पुन्हा चुलीपुढे बसते.

आता शरीराकडे येऊ. फुप्फुस जन्मतः पूर्ण झालेले नसते. ते विशीपर्यंत वाढत राहते, आणि त्या काळात जे कमी पडले ते पुढे भरून निघणे फार अवघड. कमी वजनाने जन्मलेले मूल, लहानपणीचे वारंवारचे न्युमोनिया, बरा झालेला पण चट्टे ठेवून गेलेला क्षय, या सगळ्यांनी माणूस प्रौढपणात पाऊल टाकतो तेव्हाच त्याच्या श्वासाची शिल्लक कमी झालेली असते. मग तीच धूळ त्याला शेजाऱ्यापेक्षा आधी आणि जास्त बाधते. याची उलट बाजूही सिद्ध झाली आहे, आणि ती मला फार धीर देते. दक्षिण कॅलिफोर्नियात हवा सुधारत गेली त्या वर्षांत शाळकरी मुलांच्या एकामागून एक तीन गटांची फुप्फुसे मोजली गेली. पंधराव्या वर्षी ज्यांची क्षमता लक्षणीय कमी होती अशी मुले पहिल्या गटात ७.९ टक्के होती, शेवटच्या गटात ३.६ टक्के. औषध कुणी दिले नव्हते. हवा बदलली होती.

शरीराची गोष्ट निघाली की आपल्या शेजारच्या गडचिरोलीचे नाव घेतलेच पाहिजे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने तिथे गावातल्या बायामाणसांना बालकांचा न्युमोनिया ओळखायला शिकवले. ज्यांना आकडे लिहिता-वाचता येत नव्हते अशांसाठी एक साधे यंत्र केले: एका मिनिटाची वाळूची घडी आणि तिच्याशेजारी सरकवायचे मणी. बाळाची छाती दहा वेळा वर-खाली झाली की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्याची पाळी आली तर श्वास धोक्याच्या वेगाने चालला आहे, औषध सुरू करायचे. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात, जिथे हे काम झाले त्या गावांत न्युमोनियाने होणारे बालमृत्यू ५४ टक्क्यांनी कमी आढळले. श्वास मोजायला मोठे इस्पितळ लागते असे जे म्हणतात, त्यांना याहून वेगळे उत्तर देण्याची मला गरज वाटत नाही.

इथवर फारसे कुणाचे दुमत नसते. मतभेद सुरू होतो तो मनापाशी. १८८६ मध्ये बाल्टिमोरचे डॉक्टर जॉन मॅकेन्झी यांनी एक नोंद प्रसिद्ध केली. गुलाबाजवळ गेले की जिला शिंका आणि धाप यायची अशा एका रुग्ण स्त्रीपुढे त्यांनी गुलाब धरला, आणि तिला नेहमीचा त्रास सुरू झाला. तो गुलाब कृत्रिम होता. १९६८ मध्ये अमेरिकेत लुपारेलो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हेच काटेकोर मोजून दाखवले. दम्याच्या ४० रुग्णांना मिठाच्या पाण्याची निरुपद्रवी वाफ देऊन सांगितले, की यात तुम्हाला बाधणारा पदार्थ आहे. १९ जणांच्या श्वासनलिका यंत्रावर दिसेल इतक्या आवळल्या. त्यातल्या १२ जणांना दम्याचा पुरता झटका आला. मग तेच मिठाचे पाणी औषध म्हणून दिले आणि झटके ओसरले. यामागे मेंदूपासून छातीपर्यंत येणाऱ्या मज्जातंतूंचे काम आहे, दैवी चमत्कार नाही आणि नाटक तर मुळीच नाही. सीओपीडीच्या रुग्णात भीती आणखी एका रीतीने काम करते. त्याला श्वास बाहेर सोडायला निरोगी माणसापेक्षा जास्त वेळ लागतो. घाबरल्यावर श्वास जलद होतो, आतली हवा पूर्ण बाहेर पडायच्या आतच पुढचा श्वास घेतला जातो, छातीत हवा कोंडत जाते, धाप वाढते आणि धाप वाढली की भीती वाढते. रात्री दोन वाजता उठून खिडकीची चौकट धरून बसलेल्या माणसाचे शरीर कुठे संपते आणि मन कुठे सुरू होते, हे कुणी सांगावे?

हे घटक नुसते एकमेकांत मिळवता येत नाहीत. ते एकमेकांचा जोर वाढवतात. बॉस्टनमधल्या मुलांवरचा २००७ चा एक अभ्यास यासाठी मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. वाहनांच्या धुराचा आणि दम्याचा संबंध त्यात ठळक दिसला तो ज्या मुलांच्या वाट्याला आसपासची हिंसा अधिक आली होती त्यांच्यात. इतरांत तसा दिसला नाही. दोन वर्षांनी कॅलिफोर्नियातल्या अभ्यासात हेच वेगळ्या वाटेने समोर आले: ज्या घरांत आईवडील सततच्या ताणाखाली होते, तिथल्या मुलांना रहदारीच्या धुराने दमा होण्याचा धोका जास्त होता. आता हे आपल्याकडे आणून पाहा. कर्जाचा घोर असलेले घर, कंत्राटी कामाची उद्याची शाश्वती नसलेला बाप, आणि घरामागे वीज केंद्राच्या राखेचा बंधारा. एकाच हवेत राहणारी दोन पोरे सारखी आजारी का पडत नाहीत, याचे निदान उत्तराचा एक भाग इथे आहे.

दोन गंभीर आक्षेप मी टाळणार नाही. पहिला असा, की मनाचे नाव काढले की कारखानदार म्हणेल, धुराने काही होत नाही, लोकच घाबरट आहेत. ही भीती खरी आहे. परंतु पुरावा नेमका उलट बोलतो. ताणामुळे धूर जास्त बाधतो, याचा अर्थ ताणाखालच्या वस्तीसाठी धुराची मर्यादा अधिक कडक हवी, सैल नव्हे. गरिबांच्या वस्तीशेजारी धुराडे उभारताना जो हिशेब आज सरासरी माणूस धरून होतो, तो सर्वांत दुबळी छाती धरून व्हायला हवा. दुसरा आक्षेप डॉक्टरांचा: मनाला महत्त्व दिले की लोक पंप सोडून देतील. आधीच ‘पंपाची सवय लागते’, ‘मुलीला पंप दिला तर सोयरीक जमणार नाही’ असे म्हणत कितीतरी घरांत इनहेलर कपाटात लपवले जातात. या आक्षेपाचे उत्तरही प्रयोगातूनच मिळते. २०११ मध्ये दम्याच्या रुग्णांना एकदा खरा आणि एकदा औषध नसलेला इनहेलर देऊन पाहिले गेले. बरे वाटल्याचे दोन्ही वेळा जवळपास सारखेच सांगितले गेले. मात्र श्वासाची मोजणी खऱ्या औषधाने २० टक्क्यांनी सुधारली, खोट्याने ७ टक्केच. म्हणजे मनाला बरे वाटणे आणि नळी मोकळी होणे या भिन्न गोष्टी आहेत आणि रुग्णाला दोन्हींची गरज आहे. प्राणायामाबद्दलही मी हेच म्हणेन. त्याने दम्याच्या रुग्णाचे रोजचे जगणे थोडे सुसह्य होते, असे अभ्यास सांगतात. तो जरूर करावा, स्वच्छ हवेत करावा, आणि पंप चालू ठेवून करावा.

राहिला पोटापाण्याचा प्रश्न. कोळसा बंद झाला तर या जिल्ह्यातली चूल कशी पेटेल, असे विचारणारा माणूस आपला शत्रू नाही. तोच रात्रपाळी करून धूळ अंगावर घेतो. त्याला कोळसा की फुप्फुस अशी निवड करायला लावणे मला अन्यायाचे वाटते. ट्रकांवर ताडपत्री, रस्त्यांवर नियमित पाणी, राखेची ओली विल्हेवाट, धुराड्यांत गंधकाचे वायू रोखणारी यंत्रणा, या गोष्टींनी खाण बंद पडत नाही. त्यांना खर्च येतो, एवढेच. तो खर्च आज होत नाही असे मुळीच नाही. कामगारच तो आपल्या घरातून इस्पितळाच्या बिलात भरतो आहे.

म्हणून या परिषदेकडून स्वागत समितीची विनंती ठोस आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रांतल्या धापेच्या रुग्णांची रोजची नोंद आणि त्याच दिवसाची हवेची मोजणी एका कागदावर यावी. आज या दोन्ही नोंदी वेगवेगळ्या खात्यांत पडून असतात. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात स्पायरोमेट्री, म्हणजे श्वासाच्या क्षमतेची मोजणी, व्हावी, दम्याची श्वासातून घ्यायची औषधे तिथे अखंड मिळावीत आणि ती कशी ओढायची हे दाखवायला कुणी तरी पाच मिनिटे द्यावीत. बिनधुराच्या चुलीबद्दल विचारणाऱ्या आशाताईने ‘रात्री झोप लागते का, कशाचा घोर आहे का’ हेही विचारावे, आणि उत्तर आले तर पुढे कुणाकडे पाठवायचे हे तिला माहीत असावे. खाणीतल्या कामगाराची छाती निवृत्तीनंतरही तपासली जावी, कारण धुळीचा रोग नोकरीबरोबर संपत नाही. उद्या दुपारच्या सत्रात या मागण्यांवर ठराव येईल. तो शब्दांनी कितीही मोठा असो, त्यात तारीख आणि जबाबदार अधिकाऱ्याचे पद असावे, असा आमचा आग्रह राहील.

निवासाची, भोजनाची आणि परतीच्या गाडीची चौकशी करायला स्वयंसेवक दाराशीच उभे आहेत. सभागृहाबाहेर श्वास तपासण्याची सोय केली आहे. पाहुण्यांनी आणि इथल्या नागरिकांनी, विशेषतः भगिनींनी, तिचा लाभ घ्यावा. आदरातिथ्यात काही उणे राहिले तर ते आमच्या पदरात घाला, आणि ही परिषद आपली समजून चालवा. परिषदाध्यक्षांना सूत्रे स्वीकारण्याची विनंती करून मी थांबते.