सोमा, बुध्या आणि दोमिंगो

(रेडिओवरील भाषण)



शहापूर तालुक्यात डोळखांबच्या अंगाला, किंवा मुरबाडात टोकावड्याच्या पुढे माळशेजच्या पायथ्याशी, एखाद्या ठाकूरवाडीत नाहीतर कातकरवाडीत जा आणि साठीसत्तरीच्या माणसांना नावं विचारा. अर्धा आठवडा तिथेच भरतो. सोमा, मंगळ्या, बुध्या, शुक्र्या. बायकांमध्ये सोमी, मंगळी, बुधी, शुक्री. मूल ज्या वारी जन्मलं, तोच वार त्याला नाव म्हणून मिळाला. पंचांग नको, राशीचं अक्षर नको, पुस्तक नको.

आज बोलायचं आहे ते या नावांबद्दल. पण सुरुवात करतो दूरच्या एका नावाने, कारण ते या नावांचं सख्खं भावंड शोभेल. स्पेनमध्ये मुलाचं एक जुनं नाव आहे, दोमिंगो. स्पॅनिश भाषेत दोमिंगो म्हणजे रविवार. मुळात लॅटिन दोमिनिकस, म्हणजे प्रभूचा. रविवार हा प्रभूचा वार, म्हणून त्या वाराचं नाव दोमिंगो झालं आणि त्या वारी जन्मलेल्या मुलाला ते सहज चिकटलं. पण रविवारी न जन्मलेले दोमिंगोही पुष्कळ झाले. त्यातला सर्वांत मोठा माणूस म्हणजे संत दोमिंगो, डोमिनिकन संघाचा संस्थापक. साधारण ११७० च्या सुमारास कास्तील प्रांतातल्या कालेरुएगा गावात त्याचा जन्म झाला. परंपरा अशी सांगते, की त्याच्या आईने सिलोस इथल्या दुसऱ्या एका संत दोमिंगोला नवस केला होता आणि त्याचंच नाव मुलाला ठेवलं. नवसाचं मूल आणि देवाचं नाव, हे आपल्याकडे म्हसोबाच्या यात्रेला जाणाऱ्या कुणालाही समजावून सांगायला नको. पुढे कॅरिबियन बेटावरच्या एका राजधानीलाही सांतो दोमिंगो हे नाव मिळालं.

आता गंमत पाहा. स्पॅनिश माणूस मुलाला रविवार म्हणतो, पण सोमवार किंवा बुधवार म्हणत नाही. खरं तर त्यांचे वार आणि आपले वार एकाच ग्रहमालेतून आलेले आहेत. सोमवारला ते लुनेस म्हणतात, लुना म्हणजे चंद्र. मार्तेस हा मंगळाचा, मिएर्कोलेस बुधाचा, हुएवेस गुरूचा, विएर्नेस शुक्राचा. क्रमही तोच. म्हणजे आपला बुध्या माद्रिदला जन्मला असता तर त्याला मिएर्कोलेस म्हणावं लागलं असतं, आणि तसं तिथे कुणी म्हणत नाही. कारण हे सगळे रोमन देव. ख्रिस्ती घरात त्यांची नावं मुलाला देण्यात अर्थ नव्हता. शेजारचे पोर्तुगीज तर आणखी कडक. सहाव्या शतकात ब्रागाच्या बिशप मार्टिनने या देवांची नावं वारांतूनच काढायला लावली असं सांगतात. आजही पोर्तुगीज सोमवारला दुसरा, मंगळवारला तिसरा असेच आकडे लावतात. शनिवार-रविवार तेवढे नावाचे उरले. आपल्या डोंगरात मात्र चंद्र, मंगळ, बुध या कुणालाच बाहेर काढायची पाळी आली नाही.

याच पोर्तुगीजांकडे १५३४ साली वसई गेली आणि १७३९ साली चिमाजी अप्पांनी ती घेतली. मधल्या दोनशे वर्षांत डोमिनिकन पाद्री किल्ल्यात मठ बांधून राहिले आणि दोमिंगो हे नावही किनाऱ्यावर रुजलं. गोव्यात आणि वसईत त्याचं दुमिंग झालं. हा रविवार समुद्रमार्गे आला. शहापूर-मुरबाडचे वार मात्र इथलेच. नंदुरबारच्या भिल्लांकडे रविवारचा दित्या, गुरुवारचा बेस्त्या, शनिवारचा थावऱ्या असतो. पश्चिम आफ्रिकेत घानाच्या अकान लोकांत शुक्रवारचा मुलगा कोफी आणि शनिवारचा क्वामे. संयुक्त राष्ट्रांचे माजी सरचिटणीस कोफी अन्नान यांचं नाव त्यातलंच. घानाच्या माणसाला सातपुडा ठाऊक नव्हता आणि सातपुड्याला घाना. तरी दोघांना एकच युक्ती सुचली.

का सुचली असेल? आमच्या भागापुरतं माझं उत्तर आहे, आठवड्याचा बाजार. घरात कालनिर्णय नसेल, पण बाजाराचा वार कुणाला चुकत नव्हता. मीठ, सुकी मासळी, तेल त्याच दिवशी मिळायचं. बाळंतपण बाजाराच्या आदल्या दिवशी झालं की दुसऱ्या, हे सुईणीला नेमकं आठवायचं. तारीख आणि इसवी सन मात्र त्या घरात कुणाच्या कामाचे नव्हते.

ते कामाचे झाले शाळेत. जूनमध्ये पोरगं पहिलीत आणून बसवलं की गुरुजी विचारत, जन्मतारीख काय? बाप म्हणे, बुधवार. गुरुजींच्या रजिस्टरात बुधवारला रकाना नाही. मग मुलाच्या उंचीवरून वर्ष ठरायचं आणि तारीख पडायची १ जून. आपल्या भागात एका पिढीचा वाढदिवस १ जूनला येतो तो असा. आता १ जून १९६२ ही तारीख घ्या. त्या दिवशी होता शुक्रवार. म्हणजे बुध्या नावाच्या माणसाच्या कार्डावर ही जन्मतारीख छापलेली असेल, तर त्याचं नाव आणि त्याची तारीख शेजारीशेजारी बसून भांडतात. दोघांतला खरा कोण, असं मला विचाराल तर मी नावाच्या बाजूने उभा राहीन. तारीख गुरुजींनी ठरवली होती, नाव सुईणीने.

दुसरी गोष्ट या नावांच्या शेवटी येणाऱ्या ‘या’ची. पुण्याच्या वाड्यातही बाळ्या आणि पम्या असतातच. फरक एवढाच, की बाळ्याचं शाळेच्या दाखल्यावर बाळकृष्ण होतं. आमच्या सोम्याचं सोम्याच राहतं. घरात लाडाने मारलेली हाक कारकुनाने तशीच कागदावर उतरवली आणि ती माणसाच्या नातवापर्यंत गेली. यात सावकाराच्या आणि फॉरेस्ट गार्डाच्या अरेतुरेचा वाटा किती आणि निव्वळ आळसाचा किती, हे मोजता येणार नाही. पण सोमा हे नाव स्वतः काही कमी प्रतीचं नाही. वारली चित्रकला जगापुढे नेणारे गंजाडचे जिव्या सोमा म्हसे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, तेव्हा ‘या’ आणि ‘सोमा’ दोन्ही दिल्लीत त्यांच्यासोबत गेले.

ही नावं आता ओसरत चालली आहेत. दोमिंगोचंही तसंच झालं. स्पेनमध्ये ते आजोबांचं नाव मानतात, आताच्या बारशाला क्वचितच कुणी ठेवतं. आमच्याकडे कारण साधं आहे. बाळंतपण आता प्राथमिक आरोग्य केंद्रात नाहीतर शहापूर-मुरबाडच्या सरकारी दवाखान्यात होतं आणि तारीख, वेळ, वजन सगळं तिथेच लिहिलं जातं. १ ऑक्टोबर २०२३ पासून नव्याने जन्मणाऱ्या मुलांच्या जन्मतारखेला जन्माचा दाखला हाच आधार धरला जातो. वार लक्षात ठेवायचं कामच संपलं. नाव मोकळं झालं आणि त्या मोकळ्या जागेत रोशन, साहिल, आर्यन येऊन बसले. आईबापांना पोराला शाळेत कुणी हसू नये असं वाटतं. त्यात त्यांचं काय चुकलं? आश्रमशाळेत सोम्या म्हणून चिडवून घेतलेला बाप मुलाला सोम्या ठेवणार नाही.

जुन्या नावांचं काम मात्र संपलेलं नाही, हे मुद्दाम सांगतो, कारण ऐकणाऱ्यांपैकी काही जणांच्या घरात वनहक्काचा दावा पडून असेल. २००६ च्या कायद्याखाली दावा करताना वनखात्याच्या जुन्या दंडाच्या पावत्या, एकसाली प्लॉटचे कागद काढावे लागतात. पावतीवर सोम्या, मतदारयादीत सोमा, आणि आधारकार्डावर कुणीतरी भलेपणाने केलेला सोमनाथ. माणूस एक, नावं तीन, आणि तपासणारा म्हणतो, हे तिघे कोण? अशा वेळी तिन्ही नावांची व्यक्ती एकच असल्याचं प्रतिज्ञापत्र जोडा. शिवाय, दावेदार सोडून गावातल्या दुसऱ्या वडीलधाऱ्या माणसाचा लेखी जबाब त्या कायद्याच्या नियमांत पुरावा म्हणून धरला आहे. तो जबाब ती म्हातारी माणसं आहेत तोवर वनहक्क समितीसमोर लिहून घ्या, आणि कोणत्या सोम्याबद्दल बोलताय ते बापाच्या आणि पाड्याच्या नावासकट लिहा. एका वाडीत सोम्ये चारपाच तरी निघतात.