मंत्रिपद आणि त्यामागील बळ



आपल्यापैकी कोणी मंत्री झाला की आपण हारतुरे घेऊन धावतो. तो आनंद स्वाभाविक आहे. परंतु त्या खुर्चीमागे कोणाचे बळ उभे आहे, हा प्रश्न आपण क्वचितच विचारतो. तो का विचारावा, हे बंगालचे पुढारी जोगेंद्रनाथ मंडल यांच्या चरित्रावरून आज आपणांपुढे मांडावयाचे आहे.

मंडल यांचा जन्म २९ जानेवारी १९०४ रोजी पूर्व बंगालच्या बाकरगंज जिल्ह्यात, नमःशूद्र समाजात झाला. कलकत्त्यास कायद्याचे शिक्षण घेऊन ते वकील झाले. १९३७ साली राखीव जागा न मागता, सर्वसाधारण जागेवर स्वतंत्र उमेदवार म्हणून उभे राहून त्यांनी काँग्रेसच्या उमेदवारास पराभूत केले.

१९४३ साली नाझिमुद्दीन यांना बंगालात मंत्रिमंडळ बनवावयाचे होते. मंडल आणि त्यांच्यासह अनुसूचित जातींच्या एकवीस आमदारांनी पाठिंबा दिला, पण तो अटी घालून : मंत्रिमंडळात आपले तीन मंत्री, आपल्या मुलांच्या शिक्षणासाठी दरसाल पाच लाख रुपये आणि सरकारी नोकऱ्यांत ठरलेले प्रमाण. मंडल मंत्री झाले, ते या सौद्याच्या जोरावर. ती कोणाची मेहेरबानी नव्हती.

१९४६ साली संविधान सभेची दारे पूज्य बाबासाहेबांना बंद होऊ पाहत होती. मुंबईच्या विधिमंडळातून त्यांची निवड होणे शक्य नव्हते. त्या वेळी बंगालात शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनच्या तिकिटावर एकटे मंडल निवडून आलेले होते. त्यांनी अन्य आमदारांची मते मिळविली आणि बाबासाहेबांना बंगालातून निवडून आणले. हे ऋण आपण विसरता कामा नये.

पुढे फाळणी झाली. पूर्व बंगालचा मुसलमान शेतकरी आणि नमःशूद्र शेतकरी हे दोघेही एकाच जमीनदार-सावकाराच्या जात्यात भरडले जातात, तेव्हा त्यांचे हित एक आहे, अशी मंडल यांची धारणा होती. म्हणून ते पाकिस्तानात राहिले. १० ऑगस्ट १९४७ रोजी कराचीस भरलेल्या पाकिस्तानच्या संविधान सभेचे ते तात्पुरते अध्यक्ष झाले, आणि त्यानंतर कायदा व मजूर खात्याचे मंत्री. मान मोठा होता. परंतु १९५० च्या आरंभी पूर्व बंगालात दंगली उसळल्या, त्यांच्याच समाजाची घरे जळाली, माणसे मारली गेली, तेव्हा केंद्रीय मंत्र्याच्या तक्रारीला कोणी दाद दिली नाही. ८ ऑक्टोबर १९५० रोजी त्यांनी कलकत्त्याहून पंतप्रधान लियाकत अली खान यांना विस्तृत पत्र लिहून, अत्याचारांचा पाढा वाचून राजीनामा दिला. भारतात परतल्यावर त्यांनी निर्वासितांमध्ये काम केले. निवडणुकाही लढविल्या, पण यश आले नाही. ५ ऑक्टोबर १९६८ रोजी बनगाव येथे त्यांचे निधन झाले.

मंडल यांना कोणी भोळे म्हणेल, कोणी त्याहून कठोर शब्द वापरील. मला तो न्याय वाटत नाही. १९४३ चे मंडल आणि १९५० चे मंडल हा एकच मनुष्य होता; त्याची बुद्धी तीच, तळमळही तीच. फरक इतकाच की, १९४३ साली पाठिंबा काढून घेतला तर सरकार डळमळेल अशी एकवीस मते त्यांच्यापाशी होती. कराचीत तसे काहीही नव्हते. समाज विखुरला होता, संघटना दुभंगली होती. देणाऱ्याच्या मर्जीवर मिळालेले पद देणाऱ्याला धाक घालू शकत नाही. तरीही, आपल्या माणसांचे रक्षण होत नाही असे दिसताच त्यांनी ते पद टाकले, आणि का टाकले हे लिहून ठेवले. खुर्चीला चिकटून मौन पाळणे त्यांना अवघड नव्हते.

म्हणून माझी विनंती एवढीच आहे. आपल्या वस्तीत कोणी मत मागावयास आला, अथवा आपला कोणी पदावर चढला, तर त्याला तीन प्रश्न विचारा. पाठिंबा कोणत्या अटींवर दिला? त्या अटी मोडल्या तर तो काढून घेण्याचे बळ आहे काय? आणि पद सोडण्याची तयारी आहे काय? पहिल्या व तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर तो देईल. दुसऱ्याचे उत्तर मात्र आपल्या एकजुटीनेच द्यावयाचे आहे.