चकती, पायवाट आणि आपलं मैदान
(रौप्यमहोत्सवी सोहळ्यात केलेले भाषण)



पंचवीस वर्षांच्या वाटचालीवर चेअरमनसाहेब बोललेच. गळक्या टाकीपासून लिफ्टपर्यंत काही सोडलं नाही. मला जरा वेगळं सांगायचं आहे.

गेल्या वर्षी आम्ही दोघं लेकीकडे कॅलिफोर्नियात होतो. सकाळी नातीला बाबागाडीत घालून बागेत न्यायचं काम माझं. एकदा झुडपांच्या वळणावर कुणीतरी ओरडलं, "फोर!" मला वाटलं, चौकार गेला! मान वर करतो तोच एक लाल चकती बाबागाडीच्या पुढून, हातभर अंतरावरून गेली आणि कचरापेटीवर ठाणकन आदळली. माझे पाय लटपटले. नात मात्र खुदकन हसली.

तो खेळ डिस्क गोल्फ. चकती फेकायची आणि साखळ्या लावलेल्या लोखंडी टोपलीत कमीत कमी फेकींत पाडायची. आपल्या मुलांच्या फ्रिस्बीहून ही चकती लहान, कडेला निमुळती, दीडशे-पावणेदोनशे ग्रॅमची. तरबेज खेळाडूच्या हातून ताशी शंभर किलोमीटरच्या वर सुटते. कपाळावर बसली तर काय होईल, ते वेगळं सांगायला नको.

फेकणारा पोरगा धावत आला, बिचारा पांढराफटक पडला होता. चूक खरं तर त्याची नव्हती. मी जन्मभर जमीनमोजणीत काढलेला माणूस. त्याच्या जागी जाऊन उभा राहिलो, तर पायवाट दिसतच नव्हती! शिवाय उजव्या हाताने नेहमीसारखी फेकलेली चकती वेग कमी झाला की डावीकडे वळते. आणि पायवाट नेमकी डावीकडे, जिथे तिचा वेग मरतो तिथेच. या खेळाच्या नियमातच आहे, की कुणाला लागणार नाही याची खात्री झाल्याशिवाय फेकू नये. पण जे दिसत नाही त्याची खात्री कशी करायची?

जावयांनी मग पॅसाडेनाजवळच्या ओक ग्रोव्हला नेलं. एड हेड्रिक नावाच्या गृहस्थांनी 1975 साली तिथे या खेळाचं पहिलं कायमचं मैदान आखलं. सुरुवातीला नुसते खांब होते, साखळ्यांची टोपली नंतर आली. (2002 साली ते वारले, तेव्हा त्यांच्या इच्छेप्रमाणे रक्षा चकत्यांत मिसळली म्हणे. हौसेला मोल नाही!) आमची सौ. ओकच्या सावलीत बसली आणि मी पावलं मोजत हिंडलो. तिथल्या खेळाडूंशी बोलून कळलं ते असं: फेकण्याची जागा अशी हवी, की पुढची सगळी वाट दिसावी. फेकीची रेषा पायवाटेला छेदू नये. टोपलीच्या मागे घसरगुंडी-झोपाळे नकोत, कारण हुकलेली चकती पुढेच जाते. जागा अपुरी असेल तर एखादं झाड ठरवून "याच्या उजवीकडूनच गेली पाहिजे" असा नियम करतात. पाट्या लावतात, पण आखणी चुकली की पाटी काय करणार?

आता पाटीचंच निघालं म्हणून कबूल करतो. बी आणि सी विंगच्या मधल्या मोकळ्या जागेत "येथे खेळण्यास सक्त मनाई आहे" ही पाटी मी सेक्रेटरी असताना लावली. सी विंगमधल्या आजींच्या चष्म्यावर चेंडू बसला होता, भुवईला तीन टाके पडले. सभेत दोन्ही बाजू तावातावाने भांडल्या आणि मी सोपा मार्ग घेतला. मुलं रस्त्यावर गेली, तिथे रिक्षा आणि टँकर. महिनाभराने त्यांतलाच एक स्कूटरखाली येता येता वाचला. ते मी मिनिटबुकात लिहिलं नाही.

परत आल्यावर ती जागा टेपने मोजली. स्टंप गेटकडे असल्यामुळे प्रत्येक जोरदार फटका ज्येष्ठांच्या बाकांवर जात होता. स्टंप पंपघराकडे वळवले तर समोर कंपाउंडची भिंत येते. लेगला तळमजल्याच्या खिडक्या आहेत, तिथे जाळी लागेल आणि खर्च सिंकिंग फंडातून नको, मी निम्मा देतो. संध्याकाळी सहा ते सात बाक आजी-आजोबांचे, तेवढा वेळ बॅट बंद. हे मुलांनीच सुचवलंय.

कमिटीला अर्ज दिला आहे. रविवारी सकाळी सात वाजता मी टेप आणि चुना घेऊन खाली येतोय. सी विंगच्या आजींनाही बोलावलंय. रेषा कुठे मारायची ते त्या सांगतील.