गाड्या ९, विहीर एक

आमच्या भंडारदऱ्याच्या डोंगरात मे संपता संपता काजवे दिसू लागतात, ते पाऊस लागेपर्यंत. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ, सगळी झाडं लुकलुकतात आणि शहरातून माणसं येतात. यंदा आमच्या बचत गटाकडे वेगळेच पाहुणे आले. कॅम्पर गाड्यांचा क्लब. गाडीतच झोपायचं, गाडीतच शेगडी, संडाससुद्धा गाडीतच! ९ गाड्या, ३१ माणसं, २ रात्री. आम्हाला वाटलं, जागा दाखवली, भाकरी थापली, झालं काम.

पहिल्याच बैठकीत पाण्यावरून वाद झाला. धरण खाली डोळ्यांना दिसतं, पण मे अखेरीला आमची विहीर तळाला गेलेली असते. एक काकू म्हणाल्या, "आपण दोन हंड्यांसाठी पहाटे उठायचं, आणि त्यांना आंघोळीला पाणी द्यायचं का?" त्यांचं खरंच होतं. आम्ही हिशेब मांडला. माणशी २० लिटर धरलं तरी दिवसाला ६२० लिटर, म्हणजे १५ लिटरचे ४० हून जास्त हंडे. मग क्लबच्या ताईंना फोन केला: टाक्या खालूनच भरून आणा. पिण्याच्या आणि स्वयंपाकाच्या पाण्यासाठी टँकर सांगितला आणि त्याचे पैसे माणशी ९०० च्या दरातच धरले. विहिरीला हात लावायचा नाही, असं ठरलं.

जागा निवडताना एकीने भातखाचर सुचवलं, सपाट असतं म्हणून. पण वळवाची एक सर आली की चाक रुततं, म्हणून मुरमाड माळ घेतला. दुसऱ्या रात्री सर आलीच. या गाड्या उंच असतात, तेव्हा उंच बांबू उभा धरून आम्ही अख्खी वाट चाललो. एका ठिकाणी विजेची तार खाली लोंबत होती, तिथून वाट बदलली. वीज फक्त मोबाइलपुरती, एका घराच्या मीटरवर ९ गाड्या कशा चालणार? रात्री मोठे दिवे आणि शेकोटी बंद. काजव्यांचे नर-मादी एकमेकांना उजेडानेच शोधतात, हे सांगितल्यावर मुलांनीच आईबापांच्या बॅटऱ्या काढून घेतल्या.

नागलीची भाकरी, पिठलं, ठेचा सगळ्यांना आवडलं. त्यावर जास्त बोलत नाही.

पहिल्या सकाळी आमची एक बाई धावत आली. दोन पाहुणे गाडीतल्या संडासाचे डबे कोरड्या ओहोळात ओतत होते. तो ओहोळ विहिरीच्या वरच्या अंगाला आहे. पहिल्या पावसात सगळं थेट पाण्यात उतरलं असतं. आम्ही तापलोच. त्यातले एक आजोबा म्हणाले, "कुठे ओतायचं ते कुणी सांगितलं नाही, इथे पाणी नाही म्हणून इथे ओतलं." राग आला, पण खोटं नव्हतं. गाडीत संडास आहे हे आम्हाला फोनवर कळलं होतं. तो कुठे रिकामा करणार, हे आम्ही विचारलं नाही आणि त्यांनीही काढलं नाही. जेवणाच्या यादीवर मात्र चार वेळा बोलणं झालं होतं!

आजोबांनी स्वतः फावडं घेतलं. भिजलेली माती खरवडून पाट्यांनी खाली नेली, लांब खड्डा काढून पुरली. काकू कमरेवर हात ठेवून शेवटची पाटी जाईपर्यंत तिथेच उभ्या होत्या. बाकीचे डबे घरच्या संडासात ओतावेत असं कुणीतरी सुचवलं. पण त्यात वास मारायचं निळं औषध असतं. काही औषधांनी शोषखड्ड्यातला मैला कुजवणारे जंतूच मरतात. म्हणून ते डबे झाकण लावून परत शहरात न्यायला लावले, आणि पाहुण्यांनी आमच्या घरचे संडास वापरले. म्हणजे पुन्हा बादल्या आल्याच. टँकरचं पाणी उरलं होतं म्हणून भागलं, नाहीतर विहिरीवरच जावं लागलं असतं.

सगळा खर्च जाऊन गटाच्या खात्यात ९,४०० रुपये राहिले. पुढच्या वर्षासाठी त्याच क्लबचा फोन आला आहे. माळाच्या खालच्या अंगाला, विहिरीपासून लांब, आम्ही खड्ड्याची जागा आखली आहे, आणि औषध घातलेला डबा चालणार नाही हे आधीच कळवलं आहे. काकूंचा होकार अजून आलेला नाही. मंगळवारी बैठक आहे.