आजीच्या कमरेवरचा वळ

आज आवाजात थोडी खरखर येईल, कारण मी पुण्यातल्या खोलीतून नाही, इन्सुलीच्या घरच्या पडवीतून बोलतोय. मागे हायवेवरचे ट्रक ऐकू येतील, आणि कोंबडा आरवला तर तो मी एडिट करणार नाहीये. ज्यांना इन्सुली माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. गोव्याहून मुंबईच्या दिशेने परतताना, बांदा सोडलं की ज्या नाक्यावर तुम्हाला गाडीची डिकी उघडायला लावतात ना, तेच आमचं गाव.

विषय आहे त्वचेचा कॅन्सर. थांबा, लगेच स्किप करू नका. मलाही वाटायचं की हा गोऱ्या लोकांचा, ऑस्ट्रेलियातल्या बीचवर पडून राहणाऱ्यांचा आजार. आणि गंमत म्हणजे मी त्यावर एक प्रोजेक्टसुद्धा केला होता! बीटेक झाल्यावर नोकरी करता करता मशीन लर्निंग शिकत होतो. त्यात शिकणारे बहुतेक जण त्वचेच्या डागांचा एक प्रसिद्ध डेटासेट वापरतात, हॅम-टेन-थाउजंड. 10,015 फोटो. सगळे व्हिएन्ना आणि ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडचे. माझं मॉडेल मस्त चाललं. लिंक्डइनवर पोस्ट टाकली, लाइक्स आले, एका रिक्रूटरचा मेसेज आला. त्या दहा हजारांत माझ्या आजीसारखी त्वचा किती फोटोंत आहे, हे मी एकदाही तपासलं नव्हतं. ज्या महिन्यांत मी हे करत होतो, त्याच महिन्यांत इथे, याच घरात, आजीच्या कमरेवर एक जखम होती. घरात कुणालाच माहीत नव्हतं.

मी गणपतीला आलो होतो. आजीला ताप आला, म्हणून आईने तिला आंघोळ घातली, तेव्हा ती दिसली. उजव्या बाजूला, जिथे लुगड्याची गाठ बसते बरोबर तिथे. रुपयाएवढी, कडा जाड, मधून ओली. आईने विचारलं, किती दिवस झाले? आजी म्हणाली, "गाठ घासता, दुसरा काय नाय. खोबरेल लावतंय मी." किती दिवस, याचं उत्तर निघालं दोन पावसाळे.

मी हुशार माणूस, लगेच फोन काढला. फोटो काढू, बघू. आजीने पदर सावरला आणि म्हणाली, "झिला, तू आदी भायर जा बघूया."

मी बाहेर आलो. आणि खरं सांगतो, त्या एका वाक्याने माझा अख्खा प्रोजेक्ट संपला. जी जखम बाई नातवाला दाखवणार नाही, ती ॲपला कशी दिसणार? नंतर कळलं की ती एकदा एका डॉक्टरकडे गेली होती. तिथेही तिने जखम दाखवली नाही, लुगड्यावरूनच बोट ठेवून सांगितलं. त्यांनी खाजेचं मलम दिलं. दोष कुणाला देणार?

पुढे तुकडा काढून तपासला. रिपोर्ट यायला तीन आठवडे लागले, ते आमच्या घराने कसे काढले ते सोडा. रिपोर्ट होता स्क्वॅमस सेल कार्सिनोमा. त्वचेच्या वरच्या थरातल्या पेशींचा कॅन्सर.

आता हे ऐका. मला वाटलं आमच्याच आजीच्या नशिबी हे विचित्र प्रकरण. तसं नव्हतं. 1945 मध्ये डॉ. वसंत खानोलकर, मुंबईच्या टाटा मेमोरियलचे पॅथॉलॉजिस्ट, भारतातल्या पॅथॉलॉजीचं मोठं नाव, यांनी सहकाऱ्यासोबत एक पेपर लिहिला होता. लोकांच्या सवयी आणि कॅन्सर यांच्या संबंधावर. त्यात धोतर वर्षानुवर्षं घट्ट आवळल्याने कमरेला होणारा कॅन्सर आहे. पुढे मुंबईच्या डॉक्टरांनी तोच प्रकार साडी नेसणाऱ्या बायकांत नोंदवला. आणि 2024 च्या नोव्हेंबरमध्ये 'बीएमजे केस रिपोर्ट्स'मध्ये दोन केसेस आल्या, डॉक्टर होते वर्ध्याचे आणि बिहारमधल्या मधुबनीचे. एक बाई सत्तर वर्षांची, नऊवारीच्या आत परकराची नाडी घट्ट बांधायची, जखम दीड वर्षाची. दुसरी साठीच्या पुढची, परकर न घालता लुगडं नेसणारी, जखम दोन वर्षांची, आणि तिचा कॅन्सर जांघेतल्या गाठीपर्यंत पोचलेला. तेव्हा व्हॉट्सॲपवर 'साडीने कॅन्सर होतो' असे फॉरवर्ड फिरले. तसं नाही हो! साडीचा दोष नाही. एकाच जागी रोज घट्ट दाब, वर घाम आणि धूळ. कातडी पातळ होते, फुटते, भरते, पुन्हा फुटते. असं वर्षानुवर्षं चाललं की क्वचित कुणाच्या पेशी बिघडतात. जुन्या, न भरणाऱ्या जखमेत किंवा व्रणात असा कॅन्सर झाला की त्याला मार्जोलिन अल्सर म्हणतात. भाजल्याच्या जुन्या व्रणातही होतो. काश्मीरमध्ये थंडीत फेरनच्या आत निखाऱ्यांची कांगडी धरतात, तिथे तो पोटावर आणि मांडीवर होतो.

आणि तो बॉब मार्ले, ज्याचे टी-शर्ट आपल्या कॉलेजात निम्म्या पोरांकडे होते? त्याच्या पायाच्या अंगठ्याला, नखाखाली मेलानोमा झाला होता. फुटबॉल खेळताना लागलं असेल असं वाटलं. 1981 मध्ये 36 व्या वर्षी गेला. सावळ्या-काळ्या माणसांत मेलानोमा मुळात कमी होतो, पण होतो तेव्हा बऱ्याचदा तळपायाला, तळहाताला, नखाखाली. जिथे ऊन लागत नाही आणि कुणी बघत नाही. इथे अर्धा गाव अनवाणी चिखलात लावणी करतो. तळपायाचा काळा डाग कोण बघत बसणार?

मॉडेलचं म्हणाल तर, 2022 मध्ये स्टॅनफर्डच्या लोकांनी वेगवेगळ्या रंगांच्या त्वचेचे फोटो जमवून तयार एआय मॉडेल तपासली. गडद त्वचेवर ती जास्त चुकली. डेटा सुधारायलाच हवा, त्यावर काम करणाऱ्यांना माझा सलाम. पण आमच्या घरात अडलं होतं ते त्याच्या खूप आधी.

आधी म्हणजे कुठे? लाज. मग "सुरी लावली की कॅन्सर पसरतो" ही गावातली समजूत. (नाही पसरत. तुकडा काढल्याशिवाय नक्की काय आहे ते कळतच नाही.) मग अंतर. आमच्याकडे मोठं दुखणं म्हणजे बांबोळी, गोव्याचं मेडिकल कॉलेज, तास-सव्वा तास. 2018 च्या सुरुवातीला तिथे गोव्याबाहेरच्या पेशंटना शुल्क लागलं तेव्हा दोडामार्गात आंदोलन उभं राहिलं होतं, ते उगाच नाही. आता ओरोसला सरकारी मेडिकल कॉलेज आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कॅन्सरच्या ऑपरेशनचा खर्चही निघतो, फक्त रेशनकार्ड आणि आधारवरचं नाव जुळायला हवं. आजीचं जुळत नव्हतं. एकीकडे माहेरचं नाव, एकीकडे सासरचं. ते दुरुस्त करायला माझ्याकडे गाडी होती, वर्क फ्रॉम होम होतं. शेजारच्या काकूकडे यातलं काही नाही.

मी इथल्या आशाताईंना विचारलं, तुम्ही असं काही बघता का? त्या म्हणाल्या, कुष्ठरोगाच्या शोध अभियानात आम्ही घरोघरी अंगच तर बघतो! बायकांना आम्ही बघतो, पुरुषांना सोबतचा स्वयंसेवक बघतो. पण तेव्हा बघायचा असतो तो चट्टा. जखम कुठल्या रकान्यात लिहू?

मला हे ऐकून अक्षरशः खुर्चीतून उठावंसं वाटलं. आजी जिला लुगडं बाजूला करून दाखवेल अशी बाई आधीच दारात येतेय! कुठलंही ॲप बनवायला नको, त्या कागदावर एक ओळ हवी: महिनाभर न भरलेली जखम आहे का, कंबर, तळपाय, जुना भाजल्याचा व्रण? मी उत्साहाने हे बोललो, तर आशाताई शांतपणे म्हणाल्या, "ओळ वाढवाल. मानधन कोण वाढवणार?" याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं. अजूनही नाही.

आजीचं ऑपरेशन झालं. जखमेभोवतीची चांगली कातडी धरून भाग काढला, मांडीची कातडी तिथे लावली. गाठींपर्यंत गेला नव्हता. वेळेत सापडला तर या कॅन्सरमधून माणसं बरी होतात, हे मी तिच्याकडे बघून सांगतोय. दर काही महिन्यांनी तपासणीला जावं लागतं.

तुमच्या घरी काय बघायचं? कमरेवर नुसता काळा वळ असेल तर घाबरू नका, तो बऱ्याच बायकांना असतो. नाडी सैल करा, रोज जागा थोडी वरखाली करा, बारीक दोरीऐवजी रुंद पट्टी लावा. पण जखम महिन्यात भरली नाही, कडा जाड झाल्या, रक्त किंवा वास येतो, जांघेत गाठ लागते, नखात काळी रेघ रुंद होत चाललीय, तर मलम बदलत बसू नका. त्वचेच्या डॉक्टरकडे किंवा सर्जनकडे जा, आणि कपडा बाजूला करूनच दाखवा. विचारायचं कुणी? तुम्ही मुलगे असाल तर आईला, बहिणीला विचारायला सांगा. मी माझा अनुभव सांगितलाच.

आजीला डॉक्टरांनी गाऊन घालायला सांगितलाय. पहिले आठ दिवस ती खोलीबाहेर आली नाही, लोक काय म्हणतील म्हणून. मग आईने गाऊनला पानसुपारीसाठी खिसा शिवला, तेव्हा जरा जमलं. सणाला मात्र लुगडंच नेसते, सैल बांधून, आणि ते सुटलं की आईच्या नावाने ओरडते. आत्ताही ओरडतेय, ऐकू येतंय का? चला, जातो मी. पुढच्या एपिसोडला भेटू.