चेंडू झेलणारा ओळखायचा कसा?
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी फोनवर सांगितलं होतं, ‘तिकडचं काहीतरी सांग, पण बर्फ, पगार आणि व्हिसा सोडून.’ हे तीन विषय वजा केले की अमेरिकेतल्या मराठी माणसाकडे बोलायला फारसं उरत नाही. पण मी इंडियानापोलिसला राहतो, आणि फेब्रुवारी संपत आला की आमच्या गावात एक परीक्षा भरते. तिच्याविषयी बोलतो.

परीक्षा अमेरिकन फुटबॉलची. आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. लांबट चेंडू, हेल्मेट आणि धक्काबुक्की असते तो. कॉलेजमधले तीनशेच्या वर निवडक खेळाडू येतात. त्यांची उंची, वजन, हाताचा पंजा, उडी, धाव, सगळं मोजतात. याला ‘कम्बाइन’ म्हणतात. एप्रिलच्या शेवटी ‘ड्राफ्ट’ होतो. आयपीएलच्या लिलावासारखी तिथे बोली लागत नाही. ३२ संघ, सात फेऱ्या, आणि आदल्या हंगामात सगळ्यात खाली राहिलेल्या संघाला पहिली निवड. कुठल्या गावाला जायचं हे मुलाच्या हातात नसतं. पण कितव्या क्रमांकावर नाव पुकारलं जातं यावर पहिल्या कराराचे पैसे ठरतात, आणि नवव्या व एकोणसत्तराव्या क्रमांकाच्या पैशांत कितीतरी पटींचा फरक असतो.

हे दोन क्रमांक मी उगाच सांगितलेले नाहीत. पण आधी ‘वाइड रिसीव्हर’ म्हणजे काय ते सांगतो. हा मैदानाच्या कडेला उभा राहतो, आधी ठरलेल्या वाटेने धावतो, ठरलेल्या जागी वळतो आणि क्वार्टरबॅकने फेकलेला चेंडू झेलतो. पुष्कळदा तो वळायच्या आधीच चेंडू हातातून सुटलेला असतो. त्याच्यासमोर त्याला अडवायला कॉर्नरबॅक असतो. म्हणजे काम काय? अंगावर आलेल्या माणसाला हुलकावणी देऊन हातभर मोकळी जागा मिळवायची, तीही अगदी वेळेवर. खो-खो खेळलेल्यांना मी आणखी काय समजावणार!

२०१७ साली माझा मुलगा नववीत होता. ड्राफ्टच्या आधी आम्ही दोघांनी रिसीव्हरांच्या आपापल्या याद्या केल्या. माझं रोजचं काम आकडेमोडीचं, म्हणून मी तक्ता मांडला. त्यात सगळ्यात वर जॉन रॉस. वॉशिंग्टन विद्यापीठाच्या या मुलाने कम्बाइनमध्ये ४० यार्ड, म्हणजे साधारण साडेछत्तीस मीटर, ४.२२ सेकंदांत कापले. तोवरचा विक्रम ४.२४चा होता. मुलाच्या यादीत वर होता कूपर कप. ईस्टर्न वॉशिंग्टन नावाच्या, खालच्या स्तरावर खेळणाऱ्या विद्यापीठाचा, वय २३, वेळ ४.६२. मी मुलाला समजावलं, अरे, कमकुवत संघांविरुद्ध कोणीही धावा काढतो. क्रिकेटची भाषा त्याला कळत नाही, पण मुद्दा कळला.

त्याने मला एक कागद दिला. चार वर्षांत कप वरच्या स्तरावरच्या ‘पॅक-१२’ गटातल्या संघांविरुद्ध चार सामने खेळला होता. ओरेगन स्टेटविरुद्ध ११९ यार्ड, वॉशिंग्टनविरुद्ध १४५, ओरेगनविरुद्ध २४६, वॉशिंग्टन स्टेटविरुद्ध २०६. चार सामन्यांत ४० झेल आणि ११ टचडाउन. समोरचा संघ तगडा असतानाही हा मुलगा कमी पडला नव्हता. मी कागद बाजूला ठेवला. ४.६२ ही वेळ माझ्या डोक्यातून जाईना.

रॉस नवव्या क्रमांकावर सिनसिनाटीला गेला. कपच्या आधी ६८ नावं पुकारली गेली, मग लॉस एंजेलिस रॅम्सने त्याला घेतलं. पहिल्या हंगामात रॉस तीन सामने खेळला आणि एकही चेंडू झेलला नाही. कपने २०२१च्या हंगामात १४५ झेल, १९४७ यार्ड आणि १६ टचडाउन केले. तिन्हींत लीगमध्ये पहिला, आणि नंतर सुपर बोलमध्ये सर्वोत्तम खेळाडू. १९४७ हा आकडा मला विसरता येत नाही आणि मुलगा विसरू देत नाही.

रॉसवर अन्याय नको. कॉलेजच्या शेवटच्या वर्षी त्याने १७ टचडाउन झेलले होते. त्याआधीचं अख्खं वर्ष गुडघ्याने खाल्लं होतं. चूक तक्त्याची, म्हणजे माझी. जे मोजता येतं तेच महत्त्वाचं, असं मी धरून चाललो होतो.

मग रिसीव्हरमध्ये बघायचं काय? चित्रफितीत मी आता आधी पहिली दोन पावलं बघतो. अंगावर कॉर्नरबॅक उभा असताना मुलगा सुटतो कसा, हात झटकतो का, खांदा खाली घेतो का. दुसरं, वळण्याआधी तो वेग किती घालवतो. काही मुलं वळायच्या आधी तीन-चार छोटी पावलं टाकतात. समोरच्याला चिठ्ठी पाठवून कळवल्यासारखंच ते. चांगला रिसीव्हर पूर्ण वेगाचा भास ठेवून एकाच पायावर थांबतो. तिसरं, चेंडू हातांनी झेलतो की छातीवर घेतो. आणि मला सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे चेंडू दुसऱ्याकडे गेला तेव्हा हा काय करतो. पळतो का, अडवायला जातो का, की कमरेवर हात ठेवून उभा राहतो? कम्बाइनच्या कुठल्याही रकान्यात हे येत नाही.

आकडेही लागतात, पण कशाच्या तुलनेत ते बघावं लागतं. नुसते यार्ड पाहण्यापेक्षा संघाच्या एकूण यार्डांत याचा वाटा किती ते पाहावं. चेंडू फेकणाराच कच्चा असेल तर चांगल्या रिसीव्हरचे आकडेही गरीब दिसतात. आणि हा वाटा १९व्या वर्षी मिळवला की २३व्या, हेही बघतात. आपल्यापेक्षा चार वर्षांनी लहान मुलांत उठून दिसणं सोपं असतं. कपबद्दल ही शंका रास्त होती, हे मी मुलाला अजूनही ऐकवतो.

आणखी एक गफलत होते. २०२० साली जस्टिन जेफरसन नावाचा मुलगा होता. कॉलेजच्या शेवटच्या हंगामात त्याचा संघ त्याला बहुतेक वेळ कडेऐवजी आतल्या बाजूला उभा करायचा, तिथे अंगावर लगेच कोणी येत नाही. काही जाणकार म्हणाले, कडेला याला जमणार नाही. वास्तविक त्या हंगामात त्याला ते फारसं करावंच लागलं नव्हतं. त्याच्या आधी चार रिसीव्हर निवडले गेले. २२व्या क्रमांकावर मिनेसोटाने त्याला घेतलं आणि पहिल्याच वर्षी त्याने १४०० यार्ड काढले. ‘दिसलं नाही’ आणि ‘येत नाही’ यातला फरक परीक्षकाला कळायला हवा. पेपर तपासणाऱ्या गुरुजनांना मी हे सांगणं म्हणजे आगाऊपणा आहे, माफ करा.

उलटंही घडतं. २०१९चा डीके मेटकाफ. सहा फूट तीन इंच, २२८ पौंड, आणि ४.३३ सेकंद! पण तीन शंकूंभोवती वळत धावायच्या चाचणीत त्याला ७.३८ सेकंद लागले. संथ म्हणून प्रसिद्ध असलेल्या टॉम ब्रॅडीने तीच चाचणी ७.२०मध्ये केली होती. सगळे हसले. मेटकाफ ६४व्या क्रमांकापर्यंत घसरला, आणि सिअॅटलकडून पहिल्या वर्षी ९०० यार्ड करून गेला. आकडा खरा होता, पण त्याच्याकडून काम करून घ्यायचं होतं ते सरळ लांब धावायचं. शंकूंभोवती फिरायला त्याला कोण सांगणार होतं?

तज्ज्ञांचं तरी जमतं का? केड मॅसी आणि रिचर्ड थेलर (अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले थेलर तेच) यांनी बऱ्याच वर्षांचे ड्राफ्ट तपासले. एका जागेसाठी आधी निवडलेला खेळाडू त्याच जागेसाठी लगेच नंतर निवडलेल्यापेक्षा सरस ठरण्याची शक्यता निघाली साधारण ५२ टक्के. नाणं उडवल्यावर ५० मिळतातच. संघांकडे पगारी निरीक्षक असतात, डॉक्टर असतात, हजारो तासांच्या चित्रफिती असतात. त्या सगळ्या खर्चातून वरचे दोन टक्के येतात. आपण तिथे असतो तर तेवढेही आले नसते, हेही खरं.

जेरी राइसची गोष्ट त्यामानाने जुनी. गवंड्याचा मुलगा, मिसिसिपीतल्या एका लहान विद्यापीठाचा. सॅन फ्रान्सिस्कोचे प्रशिक्षक बिल वॉल्श यांनी त्याला हॉटेलच्या खोलीत टीव्हीवर पाहिला. १९८५च्या ड्राफ्टमध्ये आपल्या पुढच्या निवडी देऊन ते १६व्या क्रमांकावर सरकले आणि त्याला घेतलं. त्याच्या आधी दोन रिसीव्हर गेले होते. राइसच्या नावावर २२,८९५ यार्ड आहेत आणि अजून त्यांच्या जवळपास कोणी नाही.

आता एक कबुली. नववीत खो-खोचा कर्णधार मी होतो. आंतरशालेय सामन्यांच्या निवडीसाठी मी स्टॉपवॉच घेऊन सगळ्यांना शंभर मीटर पळवलं आणि वेळेप्रमाणे नावं लिहिली. मधल्या सुट्टीत ज्याला बाद करता करता आमची घंटा व्हायची, तो मुलगा त्या यादीत तेरावा आला. मी बारा घेतले. आम्ही पहिल्याच फेरीत हरलो, ती गोष्ट वेगळी. तो सामन्याला आला होता आणि आमच्या पाण्याच्या बाटल्या भरत होता. आज तो तिसऱ्या रांगेत बसलाय. नाव घेत नाही, पण हसतोय तोच. त्याच्याशी हे बोलायला मला तीस वर्षांहून अधिक काळ लागला, आणि तेही माइकवरून.

चार वाजता मैदानावर खो-खो ठेवलाय असं संयोजकांनी कळवलंय. ज्यांचे गुडघे शाबूत आहेत त्यांनी यावं. संघ या वेळी तो निवडेल, मी त्याला तसं सकाळी चहाच्या वेळी विचारून ठेवलंय.