घराचे दार आणि शेजाऱ्याचा हक्क
(ज्युबिलीनिमित्त भरलेल्या सभेतील व्याख्यान)



ज्युबिली म्हटली म्हणजे रोषणाई, मिरवणूक, गायनवादन आणि प्रीतिभोजन ही आपल्या डोळ्यांपुढे उभी राहतात. आणि आनंदाच्या दिवशी आनंद करावा हे योग्यच होय. तथापि ज्युबिलीची मूळ कल्पना ज्या लेवीय पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायातून आली, तेथे तिचा संबंध दिव्यांशी नसून जमिनीशी व घराशी आहे. ज्याची शेती विपत्तीमुळे हातची गेली असेल, त्याला ती पन्नासाव्या वर्षी परत मिळावी, असा तेथील नियम आहे. आणि त्याचे कारणही तेथेच दिले आहे. जमीन परमेश्वराची असून आपण सर्व तिजवर त्याच्या घरी उतरलेले पाहुणे आहोत, असा त्या कारणाचा भावार्थ. हे ध्यानात घेऊन आजच्या मंगल प्रसंगी आम्ही घराविषयीच चार शब्द बोलावयाचे योजिले आहे. घर विकताना किंवा भाड्याने देताना समोरच्या मनुष्याचा वर्ण, जात अथवा धर्म पाहून त्याला विन्मुख पाठविण्याची जी चाल जगात आहे, ती न्याय्य आहे काय, हा आमचा आजचा विषय होय.

बेथलेहेमच्या सराईचा वृत्तान्त आपण दर नाताळात ऐकतो. तेथे निदान गर्दी तरी होती. आम्ही ज्याविषयी बोलणार आहोत ते याहून वेगळे आहे. येथे खोली रिकामी असते, किल्ली मालकाच्या खिशात असते, येणाऱ्याच्या हातात पैसे असतात. आणि तरीही 'जागा नाही' असे उत्तर मिळते.

प्रथम एक शंका दूर करणे अवश्य आहे. 'घर माझे, मी ते कोणाला द्यावे हे सांगणारे तुम्ही कोण?' असे कोणी म्हणेल. खाजगी मालमत्तेचा हक्क ख्रिस्तसभेने कधीही नाकारला नाही. पोप तेरावे लिओ यांनी १८९१ साली प्रसिद्ध केलेल्या 'रेरुम नोव्हारुम' या परिपत्रकात त्या हक्काचे जोरदार समर्थन केले आहे. परंतु संत थॉमस अक्विनास यांनी फार पूर्वीच हे स्पष्ट केले आहे की, वस्तू मालकीने एकाची असली तरी तिचा उपयोग करताना मनुष्याने इतरांची गरज दृष्टीआड करू नये. भाडेकरू भाडे देऊ शकेल काय, तो घराची निगा राखील काय, हे पाहण्याचा मालकाला पूर्ण अधिकार आहे. पण ज्या गोष्टीचा भाड्याशीही संबंध नाही आणि निगेशीही नाही, त्या गोष्टीवरून त्याला नाकारणे हा मालमत्तेचा उपयोग नव्हे, तर मनुष्याचा अपमान होय.

आता हा अपमान थांबविण्याचे काम कायद्याने कोठवर होते, आणि कायद्याचा हात न पोहोचणारा भाग कोणता, हे समजण्यासाठी अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांचा इतिहास पाहू. तो निवडण्याचे आणखी एक कारण असे की, त्यात दोन्ही बाजूंस आपलेच धर्मबंधू उभे होते.

त्या देशात शेजारीपाजारी मिळून असा करार करीत की, या आळीतील घर कृष्णवर्णीयास विकावयाचे नाही. सेंट लुईस नगरात १९११ साली झालेल्या अशाच एका कराराच्या आधारे, १९४५ साली घर घेतलेल्या शेली नामक कृष्णवर्णीय कुटुंबाला बाहेर काढण्यासाठी दावा लावण्यात आला. ३ मे १९४८ रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की, असा करार लोकांनी आपसांत केला तरी सरकारी न्यायालय त्याची अंमलबजावणी करणार नाही. शेली कुटुंबाचे घर राहिले. पण कागदावरील अट निर्जीव झाली म्हणून मनातील अट काही मेली नाही. 'ते घर कालच गेले' असे दलाल सांगू लागले. शिवाय १९३० नंतरच्या दशकात एका सरकारी गृहकर्ज संस्थेने शहरांचे नकाशे तयार करून कृष्णवर्णीयांच्या वस्त्या त्यांवर तांबड्या रंगाने धोक्याच्या म्हणून दाखविल्या होत्या. अशा वस्त्यांत घरासाठी कर्ज मिळणे दुरापास्त असे.

विस्कॉन्सिन संस्थानातील मिलवॉकी हे असेच एक दुभंगलेले नगर होते. उत्तरेस कृष्णवर्णीयांची वस्ती, दक्षिणेस गोऱ्यांची, आणि मधल्या दरीवर एक लांब पूल. दक्षिणेकडे मूळच्या पोलिश कॅथोलिकांची संख्या मोठी असल्यामुळे हा पूल आफ्रिकेला पोलंडशी जोडतो, अशी कडवट थट्टा त्या नगरात प्रचलित होती. व्हेल फिलिप्स या तेथील नगरसभेतील पहिल्या स्त्री व पहिल्या कृष्णवर्णीय सभासद. घरांच्या बाबतीत भेदभाव करण्यास मनाई करणारा ठराव त्यांनी १९६२ साली मांडला आणि पुढेही पुनःपुन्हा मांडला. परंतु त्यांच्या एकटीच्या मताखेरीज त्यास दुसरे मत पडेना.

त्या वेळी जेम्स ग्रोपी नावाचे धर्मगुरू उत्तरेकडील संत बोनिफेस पॅरिशमध्ये सेवा करीत होते. इटालियन स्थलांतरितांच्या पोटी त्याच नगराच्या दक्षिण भागात जन्मलेले हे गोरे फादर, २८ ऑगस्ट १९६७ रोजी कृष्णवर्णीय तरुणतरुणींसह तो पूल ओलांडून गेले. समोर हजारोंचा जमाव होता. दुसऱ्या रात्री तो आणखी वाढला. दगड आले, बाटल्या आल्या, शिव्या आल्या. तरीही पदयात्रा थांबली नाही. ती लागोपाठ २०० रात्री, १४ मार्च १९६८ पर्यंत, त्या प्रदेशातील कडाक्याच्या हिवाळ्यातूनही चालू राहिली.

बंधुभगिनींनो, दगड मारणारे ते लोक कोण होते? त्यांत रविवारी नित्यनेमाने मिस्सेला जाणारे आणि घाम गाळून एकेक खोली बांधणारे कॅथोलिक पुष्कळ होते. त्यांच्याच वाडवडिलांना त्या देशात परके म्हणून हिणविले गेले होते. त्यांना भय वाटत होते ते हे की, कृष्णवर्णीय शेजारी आला तर आपल्या घराची किंमत उतरेल आणि आयुष्याची पुंजी बुडेल. अमेरिकेच्या अनेक शहरांत धूर्त दलालांनी याच भयाचा बाजार मांडला होता. घाबरलेल्या गोऱ्यांकडून ते घरे स्वस्तात घेत आणि कृष्णवर्णीयांस चढ्या भावाने विकीत. अशा रीतीने भयाने दोघांनाही लुबाडले आणि नफा तिसऱ्यानेच नेला.

४ एप्रिल १९६८ रोजी रेव्हरंड मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून झाला. सात दिवसांनी, ११ एप्रिल रोजी, राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी घरांविषयीच्या समन्यायी कायद्यावर सही केली. पोप तेविसावे जॉन यांनी आपल्या 'पाचेम इन तेर्रिस' या परिपत्रकात निवारा हा मनुष्याच्या हक्कांत गणला, त्याला त्या दिवशी बरोबर पाच वर्षे झाली होती. मिलवॉकीच्या नगरसभेनेही त्याच महिन्याच्या ३० तारखेस आपला स्वतंत्र कायदा केला. फादर ग्रोपी यांनी पुढे १९७६ साली विवाह केला व त्यांची धर्मगुरूची सेवा संपली. १९८५ साली ते निवर्तले. आज तो पूल त्यांच्या नावाने ओळखला जातो.

त्या कायद्याने मूळच्या स्वरूपात वर्ण, धर्म व राष्ट्रीय मूळ यांवरून घर नाकारण्यास मनाई केली. १९७४ साली स्त्रीपुरुषभेदाची आणि १९८८ साली अपंगत्वाची व पदरी लहान मुले असण्याची भर पडली. नकार देणेच नव्हे, तर एकास एक भाडे व दुसऱ्यास दुसरे सांगणे, 'अमक्यांनी चौकशी करू नये' अशी जाहिरात देणे, आणि जागा असताना नाही म्हणून खोटे सांगणे, हेही निषिद्ध ठरले. चारपर्यंत बिऱ्हाडांच्या घरात मालक स्वतः राहत असल्यास त्यास काही सवलत आहे. पण भेदभावाची जाहिरात करण्याची मुभा त्यालाही नाही.

गोड शब्दांत दिलेला खोटा नकार उघडकीस आणावा कसा? यासाठी एक साधी युक्ती आहे. एक गोरा व एक कृष्णवर्णीय अशी दोन माणसे त्याच घराची चौकशी करण्यास पाठवावयाची आणि दोघांना मिळालेली उत्तरे ताडून पाहावयाची. व्हर्जिनिया संस्थानातील एका प्रकरणात गोऱ्यास जागा आहे म्हणून, तर कृष्णवर्णीय स्त्रीस नाही म्हणून सांगितल्याचा आरोप होता. जिला असे खोटे सांगितले जाते ती केवळ परीक्षा पाहण्यास गेली असली, तरी तिला दाद मागता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली ठरविले. खरी माहिती मिळणे हाही हक्क आहे, हा त्या निकालाचा मथितार्थ.

आता आपल्या देशाकडे वळू. आपल्या राज्यघटनेचा पंधरावा अनुच्छेद धर्म, वंश, जात, लिंग व जन्मस्थान यांवरून भेद करण्यास राज्यसंस्थेला मनाई करतो. दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव इत्यादी ठिकाणी नागरिकांसही अटकाव करू देत नाही. परंतु राहत्या घराचा उल्लेख त्यात नाही. २०१७ च्या कायद्याने एचआयव्हीबाधितांस आणि २०१९ च्या कायद्याने तृतीयपंथीयांस घराच्या बाबतीत संरक्षण मिळाले आहे. तथापि धर्म वा जात यांवरून खाजगी मालकाने घर नाकारू नये, असा सर्वसाधारण केंद्रीय कायदा अद्याप झालेला नाही. उलट २००५ साली, गुजरातमधील एका पारशी गृहसंस्थेच्या प्रकरणात, सहकारी गृहसंस्थेने आपल्या पोटनियमांनी सभासदत्व एका समाजापुरते ठेवल्यास ते घटनाबाह्य नाही, असे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले.

या स्थितीचा चटका आपल्यालाही बसतो. नोकरीसाठी शहरात गेलेले आपले तरुण सांगतात की, भाडे ठरते, अनामत ठरते, आणि ख्रिस्ती नाव किंवा घरातील मासळी कानी पडताच मालकाचा सूर पालटतो. त्यांचे ऐकून आपणांस संताप येतो, आणि तो यथार्थ आहे. पण तोच तरुण सुटीत घरी येतो आणि आपल्याच चाळीतील खोलीविषयी वडील दलालाला बजावतात, 'अमक्या जातीचा नको, तमक्या धर्माचा नको, परप्रांतीय तर नकोच नको.' मुलाला शहरात जे शब्द ऐकावे लागले, तेच शब्द बापाच्या तोंडून निघाले, तर पहिल्यांस अन्याय म्हणावयाचे आणि दुसऱ्यांस खबरदारी, हे कोणत्या न्यायाने?

यावर कोणी म्हणेल, 'फादर, आपला समाज लहान. जमिनी जात आहेत. दार मोकळे ठेवले तर गावात आपली भाषा, आपले सण आणि आपली वस्ती उरेल काय?' ही चिंता पोकळ आहे असे आम्ही म्हणत नाही. मुंबईच्या उपनगरांत आपल्या पूर्वजांनी कॅथोलिकांसाठी गृहसंस्था स्थापिल्या, त्याही घर नसलेल्या आपल्या बांधवांची सोय व्हावी या सद्हेतूने. गावावर प्रेम करणे पाप नव्हे. आपली वाडी मुलांसाठी राखून ठेवणे हेही पाप नव्हे. ज्याला घर विकावयाचेच नाही त्याने ते विकू नये. परंतु घर बाजारात मांडले, भाव सांगितला, आणि मग नाव ऐकून दार लावले, तर तेथे गाव राखला जात नाही. दिवाणखान्यात पैसे मोजणाऱ्या बिल्डरास सर्व काही विकणारे हात पाच माणसांच्या गरीब कुटुंबास एक खोली देताना मात्र धर्म आठवतात, हे आपण उघड्या डोळ्यांनी पाहावे. आपली वस्ती टिकते ती आपल्या प्रार्थनेने, शाळांनी, परस्परांच्या मदतीने. शेजाऱ्याच्या अपमानावर कोणतीही वस्ती टिकत नाही. मिलवॉकीच्या पुलावरील दगडांनी दक्षिणेकडील कोणाचेही घर राखले नाही.

म्हणून ज्यांच्याकडे भाड्याने देण्यास खोली आहे, त्यांस आमची विनंती अशी की, भाडे, अनामत, घराची निगा, करारनामा, यांविषयीचे प्रश्न एकदा कागदावर लिहून ठेवावे, आणि येईल त्याला तेच विचारावे, त्याहून अधिक नाही. दलालास जातीधर्माची अट सांगू नये. त्याने सुचविल्यास ती ऐकूही नये. नकार द्यावयाचाच असेल तर खरे कारण सांगावे. जे कारण समोरच्याच्या तोंडावर सांगण्याची लाज वाटते, ते मनातही ठेवू नये. जे गृहसंस्थांच्या समितीवर आहेत त्यांनी, परधर्मीयाचा अर्ज तोंडी कुजबुजीने परतविला जात असता मौन धरू नये. आणि वाडीत नवे बिऱ्हाड आले, मग ते कोणाचेही असो, तर पहिल्या सायंकाळी त्याच्याकडे पाण्याचा एक हंडा जावा.

कायदा होईल तेव्हा होवो. तो व्हावा अशी आमची इच्छा आहे, आणि नागरिक या नात्याने तो मागणे आपले कर्तव्य आहे. पण आपल्या खोलीची किल्ली आजच आपल्या हातात आहे. ज्या परमेश्वराच्या भूमीवर आपण सर्व पाहुणे आहोत, तो या ज्युबिलीच्या वर्षी आपणांस न्यायी मालक व चांगले शेजारी होण्याची कृपा देवो. आमेन.